बाठा

मानकुराद आंबा खाऊन झाला की ताटात उरतो तो बाठा. आपण तो परसात भिरकावतो, मिरगाच्या पावसात त्याला कोंब फुटतो आणि गवत काढताना कुणीतरी उपटूनही टाकतं. अमेरिकेत अण्वस्त्रं घडवणारी माणसं बॉम्बच्या मधोमध बसणाऱ्या प्लुटोनियमच्या गोळ्याला ‘पिट’ म्हणतात. पिट म्हणजे फळातली कोय, आपला बाठाच. त्यांच्या फळात मात्र बाकीचा सगळा गर बाठ्यासाठी असतो.

हा गोळा साधारण मोठ्या मोसंबीएवढा आणि आतून पोकळ असतो. प्लुटोनियममध्ये थोडं गॅलियम मिसळलेलं असतं, कारण शुद्ध प्लुटोनियम फार लहरी धातू आहे. तापमान बदललं की तो स्फटिकाची रचना बदलतो, फुगतो, आक्रसतो. गोळ्याभोवती साधी स्फोटकं रचलेली असतात. ती एकाच क्षणी उडाली की गोळा आत चेपला जातो, विखंडन सुरू होतं आणि त्या उष्णतेने हायड्रोजन बॉम्बचा दुसरा टप्पा पेटतो. बाठा नसेल तर उरलेलं शस्त्र म्हणजे महागडं भंगार.

अमेरिकेत सध्या वाद आहे तो हे बाठे वर्षाला किती बनवायचे याचा. तिथल्या कायद्याने वर्षाला ८० हा आकडा ठरवून दिला आहे. त्यातले ३० न्यू मेक्सिकोतल्या लॉस अलामॉसच्या अण्वस्त्र प्रयोगशाळेत आणि ५० साउथ कॅरोलायनातल्या सव्हाना रिव्हर या सरकारी अणुकेंद्रात बनवायचे असं २०१८ मध्ये ठरलं. मुदत २०३० ची होती, आणि ती पाळणं शक्य नाही हे खुद्द तिथल्या ऊर्जा खात्यानेच मान्य केलंय.

साखळीच्या तिठ्यावर सकाळी पातळभाजी-पाव खाताना मी हा विषय काढला, तेव्हा शेजारचा टिप्परवाला हसला. “सर, आमकां कितें पडलां?” प्रश्न रास्त आहे. उच्च माध्यमिकला भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या मास्तराने न्यू मेक्सिकोच्या कारखान्याची उठाठेव का करावी? शिवाय मी काही जन्मजात शांततावादी नाही. मे १९९८ मध्ये पोखरणची बातमी आली तेव्हा शिक्षकांच्या खोलीत पेढे वाटणाऱ्यांत मी होतो. मला हा विषय जवळचा वाटू लागला तो बॉम्बमुळे नाही, आमच्या गोव्यातल्या डिचोलीच्या लोहखनिजाच्या खाणींमुळे. कारखाना आणि गरज यांच्यातलं नातं कसं उलटं फिरतं, ते आमच्या तालुक्याने उघड्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

आधी बाठ्यांचा इतिहास. १९५२ पासून अमेरिकेचे बाठे कोलोरॅडोत, डेन्व्हर शहराला लागून असलेल्या रॉकी फ्लॅट्स इथे बनत. भर काळात वर्षाला हजाराच्या वर. प्लुटोनियमचा कीस हवेत आपोआप पेट घेतो. १९५७ मध्ये आणि पुन्हा १९६९ मध्ये तिथे मोठ्या आगी लागल्या. प्लुटोनियम मिसळलेल्या तेलाची पिंपं उघड्यावर गळत राहिली आणि वाऱ्याने ती माती शहराच्या दिशेला नेली. जून १९८९ मध्ये अजब प्रकार घडला. देशाच्या केंद्रीय तपास यंत्रणेनेच, एफबीआयने, आपल्या सरकारच्या बॉम्ब कारखान्यावर धाड टाकली. उत्पादन थांबलं ते कायमचं. कारखाना चालवणाऱ्या कंपनीने १९९२ मध्ये पर्यावरणाचे गुन्हे कबूल करून १ कोटी ८५ लाख डॉलर दंड भरला. साफसफाई २००५ पर्यंत चालली आणि तिला सुमारे ७ अब्ज डॉलर लागले. आज तिथे वन्यजीव अभयारण्य आहे. (आपल्याकडे खाणीच्या खड्ड्यात पाणी साठलं की त्याला पर्यटनस्थळ करायची कल्पना निघते, तिची ही थोरली बहीण.)

त्यानंतर अमेरिकेने जवळजवळ बाठे बनवलेच नाहीत. २००७ नंतरच्या काही वर्षांत लॉस अलामॉसला तीसेक बनले, मग तेही काम बंद पडलं. आजच्या बहुतेक अमेरिकी शस्त्रांतले बाठे १९८९ च्या आधीचे आहेत, म्हणजे चाळिशीच्या आसपासचे.

इथे वाढीच्या बाजूचे लोक म्हणतात: धातू म्हातारा होतो. हे खरं आहे आणि त्यांच्यावर अन्याय न करता सांगितलं पाहिजे. प्लुटोनियम-२३९ चं अर्धायुष्य २४,१०० वर्षं आहे, तेव्हा गोळा झिजून संपेल अशी भीती नाही. पण फुटणारा प्रत्येक अणू एक अल्फा कण सोडतो. त्या कणाचा शेवटी हेलियम होतो आणि धातूच्या आतच अडकतो. बाकी राहिलेला जड अणू धक्क्याने शेजाऱ्यांना जागेवरून हलवतो. चाळीस, साठ, ऐंशी वर्षं हे आत चालू राहिलं तर चेपताना गोळा तसाच वागेल का? चाचणी करून बघता येत नाही, कारण अमेरिकेने १९९२ नंतर अणुचाचणी केलेली नाही.

या प्रश्नावर सरकारनेच शास्त्रज्ञांना विचारलं होतं. जेसन नावाचा सल्लागार गट आहे. त्याने २००६ मध्ये सांगितलं की बहुतेक प्रकारच्या बाठ्यांचं भरवशाचं आयुष्य किमान शंभर वर्षं आहे. २०१२ मध्ये लिव्हरमोर प्रयोगशाळेने दीडशे वर्षांपर्यंत काही विपरीत दिसत नसल्याचं म्हटलं. २०१९ मध्ये मात्र त्याच जेसनने उत्पादनाची क्षमता शक्य तितक्या लवकर पुन्हा उभी करा, असं लिहिलं. वाढीचे समर्थक शेवटचं पत्र दाखवतात, विरोधक पहिले दोन अहवाल. मला यात विरोध दिसत नाही. हात सुटू नये म्हणून एक छोटी भट्टी चालू ठेवणं वेगळं आणि दोन राज्यांत मिळून वर्षाला ८० गोळे ओतणं वेगळं.

मास्तरकीची खोड जात नाही, म्हणून फळ्यावरचं गणित मांडतो. अमेरिकेच्या लष्करी साठ्यात सुमारे ३,७०० अण्वस्त्रं आहेत, आणि त्यांतली तैनात आहेत सुमारे १,७७०. हे स्टॉकहोमच्या सिप्री संस्थेचे २०२५ चे आकडे. बाठ्याचं आयुष्य शंभर धरलं तर १९८९ चा बाठा २०८९ मध्ये बाद होईल. एकट्या लॉस अलामॉसने २०३० पासून वर्षाला ३० बनवले, तर २०८९ येईपर्यंत किती होतील? एकोणसाठ गुणिले तीस. १,७७०. आकडा इतका तंतोतंत जुळला तो योगायोगच, पण बोलका योगायोग आहे. म्हणजे आज जेवढी शस्त्रं क्षेपणास्त्रांवर आणि विमानतळांवर सज्ज आहेत, तेवढ्यांना नवा बाठा एकच छोटा कारखाना पुरवू शकतो. दुसरा हवा असेल तर तो गोदामात पडलेल्या बाकीच्यांसाठी, किंवा नव्यांसाठी. आणि नवी शस्त्रं आहेतच. पहिले बाठे बनताहेत ते जुन्यांच्या जागी घालायला नव्हे, तर सेंटिनेल या नव्या क्षेपणास्त्रावरच्या डब्ल्यू ८७-१ या नव्या स्फोटकशीर्षासाठी. ऑक्टोबर २०२४ मध्ये लॉस अलामॉसच्या पहिल्या बाठ्यावर मंजुरीची मोहोर उमटली ती याच शस्त्राच्या. त्या क्षेपणास्त्राचा खर्च २०२४ मध्ये ८१ टक्क्यांनी फुगून १४१ अब्ज डॉलरवर गेला, आणि तरी ते चालूच ठेवायचं ठरलं.

तेव्हा म्हातारपणाचा मुद्दा हा दारातला मुद्दा आहे. घरातला प्रश्न वेगळा: किती शस्त्रं ठेवायची? समर्थक चीनकडे बोट दाखवतात, आणि चीनचा साठा सिप्रीच्याच हिशेबात ६०० वर जाऊन वाढतो आहे हे खरंच आहे. अमेरिका आणि रशिया यांच्या अण्वस्त्रांच्या संख्येला मर्यादा घालणाऱ्या न्यू स्टार्ट कराराची मुदतही फेब्रुवारी २०२६ मध्ये संपली. पण हा प्रश्न संसदेत, निवडणुकीत, उघड्यावर लढवायचा. तो धातुशास्त्राच्या पदराआड लपवायचा नाही.

आता सव्हाना रिव्हर. तिथली कथा मला रॉकी फ्लॅट्सपेक्षाही अस्वस्थ करते. तिथे ज्या इमारतीत बाठे बनणार आहेत, ती बांधायला घेतली २००७ मध्ये आणि उद्देश नेमका उलटा होता. शीतयुद्ध संपल्यावर अमेरिका आणि रशियाने २००० मध्ये ठरवलं की प्रत्येकी ३४ टन जादा प्लुटोनियम कायमचं बाद करायचं. त्याचं वीज बनवणाऱ्या अणुभट्ट्यांसाठी इंधन बनवायचा हा कारखाना होता, मॉक्स म्हणून ओळखला जाणारा. तलवारीचा नांगर करणारी शाळाच म्हणा. खर्च अब्जांनी फुगत गेला, काम रखडलं, आणि २०१८ मध्ये प्रकल्प रद्द झाला. प्रचंड काँक्रीटचा अर्धवट सांगाडा, हजारोंचा रोजगार आणि राज्याचे राजकारणी, सगळे तिथेच उभे. मग त्याच वर्षी ठरलं की या इमारतीत बाठे बनवू. २०२१ मध्ये अंदाज होता ६.९ ते ११.१ अब्ज डॉलरचा. पुढे तो २५ अब्जांपर्यंत जाऊ शकतो असं खात्यानेच कळवलं. बॉम्ब मोडण्यासाठी बांधलेल्या घरात बॉम्ब घडवायचे, कारण घर रिकामं राहू नये.

याच जागेवर आधी एलेंटन नावाचं गाव होतं. १९५० मध्ये बॉम्बसाठीचं प्लुटोनियम आणि ट्रिटियम बनवायला सरकारने ते आणि आजूबाजूच्या वस्त्या मिळून सुमारे सहा हजार माणसं उठवली. गाव सोडताना कुणीतरी वेशीवर हाताने लिहिलेली पाटी लावली होती. तिचा आशय असा की, दुसऱ्या कुणाचं तितकंच लाडकं गाव उद्ध्वस्त करणारा बॉम्ब बनवण्यासाठी आमचं गाव का उद्ध्वस्त व्हावं हे समजणं कठीण आहे. सांगे तालुक्यातलं कुर्डी साळावली धरणाखाली गेलं, आणि मे महिन्यात पाणी ओसरलं की वाडे-वाळकिणीला गेलेली माणसं अजून आपल्या घरांच्या पायऱ्या शोधत तिथे येतात. त्यांना ती पाटी समजावून सांगावी लागणार नाही. कुर्डीच्या बदल्यात दक्षिण गोव्याला निदान पाणी मिळालं.

इथे आमच्या खाणींकडे येतो. २०१०-११ मध्ये गोव्यातून ५ कोटी टनांच्या वर लोहखनिज बाहेर गेलं. चीनला हलक्या प्रतीचा मालही चालू लागला, म्हणून डंप, म्हणजे खाणीतल्या टाकाऊ मालाचे ढीग, विकले गेले, डंपाखालची जमीन विकली गेली. डिचोली, सत्तरी, सांगेत माणसांनी कर्जं काढून टिप्पर घेतले. टिप्पर घेतला की हप्ता आला, हप्ता आला की फेऱ्या हव्या, फेऱ्या हव्या तर खाण हवी. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या तेव्हा रस्त्यावर आलेली माणसं खोटी नव्हती. पण ‘किती खनिज काढायचं’ या प्रश्नाचं उत्तर तोवर टिप्परांच्या संख्येने दिलेलं होतं. खनिज किती आहे, पाणी किती खाली जाईल, शेतात चिखल किती उतरेल, हे विचारणारा माणूस गावाचा वैरी ठरत असे. मी स्वतः ग्रामसभेत एकदा तोंड उघडलं होतं. पुढचे सहा महिने माझ्या दुचाकीच्या चाकात हवा टिकली नाही. शेवटी २०१४ मध्ये वर्षाला २ कोटी टनांची मर्यादा घालावी लागली ती सर्वोच्च न्यायालयाला.

लॉस अलामॉसच्या डोंगराखाली, रिओ ग्रांदेच्या खोऱ्यात, तीच माणसं राहतात. स्पॅनिश बोलणारी जुनी कुटुंबं, प्यूब्लो आदिवासी. ती रोज गाडी घेऊन डोंगरावर कामाला जातात. त्या भागात इतका पगार देणारं दुसरं काही नाही. म्हणून सांता फेचे आर्चबिशप जॉन वेस्टर यांनी जानेवारी २०२२ मध्ये अण्वस्त्रमुक्तीसाठी धर्मपत्र काढलं, त्याचं मला विशेष वाटतं. त्यांच्या चर्चच्या बाकांवर बसणाऱ्यांचा घरखर्च त्या डोंगरावरून येतो. आमच्या तालुक्यात खाणी चालू असताना देवळाच्या मांडवात कीर्तनकाराने असं काही बोललेलं मी तरी ऐकलं नाही. मांडवाचा खर्चही कुठून येत होता ते सर्वांना ठाऊक होतं.

घाईचे परिणाम काय होतात याचे दोनच दाखले. २०११ मध्ये लॉस अलामॉसला फोटो चांगला यावा म्हणून तंत्रज्ञांनी प्लुटोनियमच्या आठ कांड्या शेजारी शेजारी मांडल्या. आणखी थोड्या जवळ आल्या असत्या तर साखळी अभिक्रिया सुरू होऊ शकली असती. दुसरा फेब्रुवारी २०१४ चा. तिथून गेलेल्या कचऱ्याच्या पिंपात ओलावा शोषायला मांजरांसाठीची वाळू घातली होती. नेहमीची खनिज वाळू न घालता गव्हापासून बनवलेली घातली. ती नायट्रेटशी तापली आणि न्यू मेक्सिकोच्या जमिनीखालच्या मिठाच्या थरांतल्या गोदामात पिंप फुटलं. गोदाम जवळजवळ तीन वर्षं बंद राहिलं. जगातल्या सर्वांत हुशार प्रयोगशाळांपैकी एकीची ही गोष्ट आहे.

तरीही अमेरिकेचा मला एका बाबतीत हेवा वाटतो. सव्हाना रिव्हरच्या विरोधात नागरिकांच्या संस्था कोर्टात गेल्या. त्यांत किनाऱ्यावरच्या गुल्ला-गीची समाजाची संस्थाही होती. हे लोक म्हणजे भातशेतीसाठी गुलाम करून आणलेल्या आफ्रिकनांचे वंशज. आपल्या खाजनांत, खाडीकाठच्या खाऱ्या शेतांत, राबणाऱ्यांना त्यांची खारी दलदल ओळखीची वाटेल. ३० सप्टेंबर २०२४ रोजी न्यायाधीश मेरी गायगर लुईस यांनी निकाल दिला की दोन जागी बाठे बनवण्याचा निर्णय घेताना सरकारने पर्यायांचा नीट विचार केलाच नाही आणि पर्यावरण कायदा मोडला. जानेवारी २०२५ च्या तडजोडीत सरकारने देशभराचा एकत्रित पर्यावरण अभ्यास अडीच वर्षांत करायचं कबूल केलं, आणि तोवर सव्हानाच्या नव्या कारखान्यात आण्विक पदार्थ आणायचे नाहीत. बॉम्बचा कारखाना, आणि तिथला नागरिक सरकारला म्हणू शकतो, आधी लेखी दाखवा.

आपल्याकडे काय दाखवतात? गोव्याच्या दक्षिण टोकाला पोळेच्या सीमेवरून हवाई अंतराने चाळीसेक किलोमीटरवर, कर्नाटकात काळी नदीच्या काठी, कैगाच्या चार अणुभट्ट्या आहेत. २००६ मध्ये अमेरिकेशी करार करताना भारताने २२ पैकी १४ भट्ट्या नागरी ठरवून आंतरराष्ट्रीय देखरेखीखाली द्यायचं मान्य केलं. बाहेर ठेवलेल्या आठांत कैगाच्या चारही आहेत. म्हणजे तिथे बॉम्बचं काही शिजतं असा अर्थ अजिबात काढू नये, त्या वीज बनवतात. पण बाहेर का ठेवल्या, हे काणकोणच्या किंवा कारवारच्या माणसाने विचारलं तर उत्तर द्यायला कुणी बांधील नाही. १९६२ च्या अणुऊर्जा कायद्याने गुप्ततेची जी चौकट घातली, तिच्यात वीज आणि शस्त्र एकाच कुलपात राहिलं. सिप्री म्हणते भारताकडे सुमारे १८० अण्वस्त्रं आहेत. आपलाच आकडा आपल्याला स्वीडनमधून कळतो. त्यांचे बाठे किती वर्षं टिकतात, वर्षाला किती बनतात, १८० पुरेत की ३०० हवेत, यावर एकाही संसदीय समितीचा जाहीर अहवाल माझ्या वाचनात नाही. ‘आधी वापरणार नाही’ हे आपलं धोरण आहे. असं धोरण असणाऱ्याला किती पुरतात, हा प्रश्न विचारणं देशद्रोह कसा?

असा प्रश्न विचारणारा एक माणूस आपल्याच मातीतला होता. दामोदर धर्मानंद कोसंबी, १९०७ साली गोव्यात जन्मलेले. होमी भाभांच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बसून हा गणिती जागतिक शांतता चळवळीत भाग घेत होता आणि सांगत होता की अणुशक्ती भारताला महाग पडेल, आपल्याकडे ऊन फुकट आहे. १९६२ मध्ये संस्थेने त्यांची मुदत वाढवली नाही. आता पणजीत कला अकादमीत त्यांच्या नावाने विचार महोत्सव भरतो. मीही दोनदा गेलो आहे, वातानुकूलन फार थंड असतं. त्यांचा तो विचार मात्र तिथल्या व्यासपीठावर मी ऐकलेला नाही.

मी अमेरिकन असतो तर माझं मत असं पडलं असतं: लॉस अलामॉसची छोटी भट्टी ठेवा, सव्हाना रिव्हरची थांबवा, आणि शस्त्रं किती ठेवायची ते आधी ठरवून मग बाठे मोजा. भारतीय म्हणून मला एवढंही म्हणता येत नाही, कारण मोजायला हातात काहीच नाही.

टिप्परवाल्याला मी हे ३० आणि ८० चं गणित कागदी रुमालावर करून दाखवलं. त्याने ते नीट बघितलं. २०११ मध्ये त्याने तिसरा टिप्पर घेतला होता. बँकेने नंतर तो ओढून नेला आणि पुढची पाच वर्षं बायकोच्या बांगड्यांवर घर चालवलं. आता खाणी पुन्हा थोड्याथोड्या सुरू झाल्यात आणि उरलेला एक टिप्पर रांगेत असतो. “सर,” तो म्हणाला, “त्या वर्षी मला विचारलं असतं ना किती हवेत, तर मी ऐंशी नाही, आठशे सांगितले असते.” मग त्याने रुमालाने हात पुसले, गणितासकट, आणि नंबर लागेल म्हणून निघाला.